आत्याच्या पेटीचा गंधार

गिटारची तार लावताना ती नेहमी खालून वर आणावी, वरून खाली आणू नये, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वरून खाली आणलेली तार खुंटीपाशी कुठेतरी सैल राहते आणि दोन मिनिटं वाजवलं की आणखी उतरते, हे चुकत चुकत कळलं. अशा बारीकसारीक गोष्टी त्या काळात मला पुष्कळ कळल्या, आणि त्या कळल्याचा मला भारी अभिमान होता. आजही ज्या गोष्टीची मला लाज वाटते ती त्या अभिमानातूनच झाली.

वायटूकेची भीती ओसरून गेली होती आणि पुण्यात जो तो कॉम्प्युटरच्या नोकरीत शिरत होता. मीही शिरलो. आईवडील साताऱ्याला, म्हणून मी कर्वेनगरला आत्याकडे राहायचो. आत्या लग्न होऊन पुण्यात आलेली आणि चाळीस वर्षांत पुणेकरांपेक्षा पुणेकर झालेली. काका वारले होते, मूलबाळ नव्हतं. मुलींच्या एका शाळेत तिने आयुष्यभर गाणं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घरी दोन-चार जणींना शिकवत होती.

माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं. चूक सापडली की तिची नोंद करायची, ज्याने केली त्याला कळवायची, आणि तो ‘ही चूक नाहीच’ म्हणाला की पुरावा दाखवून त्याला गप्प करायचं. हे काम मला इतकं मानवलं की घरीदारीही मी तेच करू लागलो. आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा मी आत्याला अशा थाटात सांगायचो की ती म्हणायची, “अर्ज लिहून दे. विचार करू.”

ऑफिसातला एक जण अमेरिकेहून परत आला, त्याच्याकडून मी इलेक्ट्रिक गिटार घेतली. तिच्याबरोबर गुडघ्याएवढा ॲम्प्लिफायर आला आणि सूर लावायची एक डबी आली. तार छेडली की डबीच्या छोट्या पडद्यावर काटा हलायचा, सूर बरोबर असेल तर मधोमध थांबायचा आणि हिरवा दिवा लागायचा. त्या हिरव्या दिव्याचं मला वेड लागलं. कॉलेजात असताना मी मित्रांच्या गिटारी कानाने लावायचो आणि कधीच खात्री वाटायची नाही. आता खात्री देणारं यंत्र हातात आलं होतं.

मग घरी रेकॉर्डिंग करायचं खूळ आलं. ॲम्प गाद्यांच्या कपाटात तोंड आत करून ठेवायचा, समोर मायक्रोफोन, मायक्रोफोनची वायर कॉम्प्युटरला. मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यावर रोखला की आवाज बोचरा यायचा, बोटभर कडेला सरकवला की मऊ व्हायचा. मी स्पीकरच्या जाळीवर आत्याच्या खडूने खुणा केल्या होत्या. सोसायटीच्या पाण्याचा पंप सुरू झाला की ॲम्प गुणगुणायचा. इमारतीचं अर्थिंग धड नव्हतं. मी एका हाताने तारा दाबून आणि एक पाय फरशीवरून उचलून वाजवून पाहिलं, तेव्हा आत्या दारात येऊन उभी राहिली.

“वाजवतोयस की नवस फेडतोयस?” एवढं विचारून ती गेली.

पण ती चिडायची नाही. उलट एक दिवस तिने स्वतःहून विषय काढला. शाळेसाठी तिने पुष्कळ गाण्यांना चाली लावल्या होत्या. तिच्या जुन्या मुली आता देशोदेशी गेल्या होत्या आणि आत्याला ई-मेल नव्हता म्हणून मला लिहायच्या, बाईंच्या आवाजात ती गाणी पाठवा ना, आमच्या मुलांना ऐकवू. “तुझ्या त्या पसाऱ्यात माझा आवाज मावतो का बघ,” आत्या म्हणाली. मला आकाश ठेंगणं झालं.

एका रविवारी सकाळी, पंप सुरू व्हायच्या आत, आम्ही चार गाणी उतरवली. आत्या सतरंजीवर पेटी घेऊन बसली, मी मायक्रोफोन तिच्या तोंडाच्या आणि पेटीच्या मधोमध लावला. तिचं वय तेव्हा पासष्टच्या पुढे होतं. आवाज थोडा पातळ झाला होता, पण सुरावर येऊन बसायची तिची एक पद्धत होती, जरा खालून, सावकाश, आणि बसला की हलायचा नाही. मी कानाला हेडफोन लावून ऐकत होतो आणि मला खरंच गलबलून आलं. हे मी मुद्दाम लिहितोय. मला तेव्हा काही कळलंच नव्हतं असं नाही.

त्या गाण्यांखाली गिटार भरायची आणि मग सगळं पाठवायचं असं मी ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. नुसता आवाज पाठवला असता तरी मुलींना चाललं असतं. पण मग त्यात माझं काय राहिलं असतं? मी डबीवर गिटार काटेकोर लावली, आत्या गायची त्या काळी चार पट्टीतले सूर धरले आणि वाजवायला लागलो. सा जुळला, पंचम जुळला. गंधार आला की मात्र दाताखाली खडा यावा तसं व्हायचं. तार बदलली, मायक्रोफोन बदलला, खडा जाईना. शेवटी मी पेटीसमोर डबी धरली आणि एकेक पट्टी दाबली. गंधार खाली. धैवत खाली. निषाद खाली. काटा मधोमध यायचं नाव घेईना.

चूक सापडली होती. मी आत्याला बोलावलं आणि पुरावा दाखवला.

तिने डबीकडे पाहिलं, पेटीवर गंधार वाजवला, स्वतः गाऊन त्याच्यावर बसवला आणि म्हणाली, “त्या डबीला म्हणावं, चार वर्षं शिक आणि मग ये.”

तिच्याकडे शिकणारी एक मुलगी समोर बसली होती. यवतमाळकडची, कॉम्प्युटरच्याच नोकरीतली, जवळच्याच हॉस्टेलवर राहणारी. शाळेपासून कीबोर्ड वाजवायची आणि आता बाईंकडे गाणं शिकत होती. ती हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ऑफिसात कुणी असं म्हणालं असतं तर मी संध्याकाळपर्यंत त्याला नमवलं असतं.

संधी लवकरच आली. पेटीचा भाता एका घडीवर फाटला आणि हवा सुटायला लागली. मी म्हटलं, मी दुरुस्त करून आणतो. पेठेतल्या एका बोळात पेट्यांचा एक म्हातारा कारागीर होता, त्याच्याकडे मी रिक्षातून पेटी नेली. भात्याचं सांगून झाल्यावर खिशातून डबी काढली आणि म्हटलं, “सूरही लावून द्या. या काट्याप्रमाणे.”

त्याने पेटी उघडली, दोन-चार पट्ट्या दाबल्या आणि बराच वेळ ऐकत राहिला.

“ही उतरलेली नाही, साहेब. ही मुद्दाम अशी लावलीय. काळी चार धरून, गाणाऱ्या माणसाच्या गळ्याला. ज्यानं लावली त्याचा हात चांगला होता.”

“पण काट्यावर येत नाही ना.”

“काट्यावर नाहीच येणार. तुमचा काटा सगळ्या सुरांत सारखं अंतर ठेवतो. गळा तसं ठेवत नाही.” मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. “पेटी कोणाची?”

“आत्याची.”

“त्यांना विचारलंय?”

मी ‘हो’ म्हणालो.

पेटीच्या आत हवेने थरथरणाऱ्या पितळी पट्ट्या असतात, एका सुराला एक. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. “घासलेलं पितळ परत येत नाही,” एवढं तो म्हणाला आणि कामाला लागला. चार दिवसांनी मी पेटी घरी आणली. एकांतात तपासली. प्रत्येक पट्टीला हिरवा दिवा. माझा बेत असा होता की गिटार आणि पेटी एकत्र वाजवून दाखवायची, आत्या चकित होईल, आणि मग सांगायचं.

त्याआधीच ती पेटीवर बसली. सा धरला, वर गेली आणि गंधारावर थांबली. पुन्हा केलं. तिच्या कपाळावर आठी पडली. तशी आठी मी तिच्या कपाळावर कधी पाहिली नव्हती.

“सुरांना हात लावला का रे त्याने?”

तेवढाच क्षण होता. खरं सांगितलं असतं तर शिव्या खाल्ल्या असत्या, दुसऱ्या दिवशी पेटी परत नेऊन पट्ट्या बुडाशी घासून सूर उतरवून घेतले असते, विषय मिटला असता. पण चुका शोधणारा मी, माझीच चूक कबूल करायची माझी तयारी नव्हती. त्यातून ती मुलगीही समोर बसलेली.

“नाही,” मी म्हटलं. “नुसता भाता.”

आत्याने मान हलवली. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता. पेटी बदललेली नाही, मग बदललं काय, हे ती शोधायला लागली.

पुढचे दोन महिने ती रोज सकाळी शोधत होती. पेटीशिवाय गायली की सगळं बरोबर वाटायचं, पेटी लावली की गंधार आणि धैवत टोचायचे. मला ती म्हणाली, “म्हणजे बघ, मी चुकते आणि मला ते ऐकूच येत नाही. पेटी सांगते तेव्हा कळतं.” त्यातच त्या यवतमाळच्या मुलीचं गाणं एकदम सुधारलं. पूर्वी आत्या तिला सारखी टोकायची, गंधार चढतोय, खाली ठेव. कीबोर्डवर वाढलेला तिचा कान. आता पेटीच कीबोर्डसारखी झाल्यावर ती चपखल बसायला लागली. “जमून राहिलं का बाई?” असं तिने विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, “जमतंय. तुझं आधीपासूनच जमत होतं. मीच तुला उगाच छळलं.” मी आतल्या खोलीत गिटारच्या तारा बदलत होतो. मला सगळं ऐकू आलं.

मग ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली. मीच घेऊन गेलो. काचेच्या खोलीत तिला बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि टुकटुक ऐकू आलं की बोट वर करायला सांगितलं. काचेतून मला ती दिसत होती, शाळेतल्या मुलीसारखी एकेक बोट वर करणारी. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत, अगदी वरचे आवाज थोडे कमी झालेत, ते सगळ्यांचेच होतात. आत्याने त्यातलं ‘कमी झालेत’ एवढंच उचललं. रिक्षात ती म्हणाली, “चला, निदान कळलं.”

तोवर मी काय केलं होतं, हे मला स्वतःलाही पुरतं उमगलं नव्हतं. मला वाटत होतं, पेटी आता बरोबर आहे आणि आत्याची जुनी सवय मोडतेय, लागेल थोडा वेळ. एका शनिवारी डबीतली बॅटरी संपली म्हणून मी गिटार कानाने लावली. तिसरी तार सा धरली तर दुसरी तिचा गंधार; तिसरी धरून दुसरी तिच्याशी जुळवली, अगदी गोड लागेपर्यंत, दोन आवाजांमधली थरथर पार थांबेपर्यंत. इतकी सुरेख तार मी कधी लावली नव्हती. मग नवी बॅटरी आणून डबी समोर धरली. काटा खाली. जेवढा आत्याच्या गंधाराला खाली होता तेवढाच. डबीवर बघून तार वर चढवली, हिरवा दिवा लागला, आणि मघाची थरथर परत सुरू झाली.

मी गिटार खाली ठेवली. गिटारच्या मानेवरचे पडदे, म्हणजे त्या आडव्या धातूच्या पट्ट्या, एका जागी ठोकलेले; कुठल्याही सुराला सा मानून वाजवता यावं म्हणून तिथे प्रत्येक सुराला थोडं थोडं खोटं सोसावं लागतं. कायम काळी चारमध्येच वाजणाऱ्या आत्याच्या पेटीला ते सोसायची गरज नव्हती. कारागिराने हे मला दोन वाक्यांत सांगितलं होतं.

तरीही मी गप्प बसलो. आता सांगायचं तर नुसतं पेटीचं सांगून भागणार नव्हतं. ‘नुसता भाता’चं सांगावं लागणार होतं, डॉक्टरांचं सांगावं लागणार होतं. रोज वाटायचं, उद्या. उद्या आला की कालच्यापेक्षा एक दिवस जास्त झालेला असायचा.

आणि एका रविवारी आत्या माझ्या खोलीच्या दारात आली. “मागे आपण गाणी उतरवली होती ना, ती लाव बघू. कान चांगला होता तेव्हा मी कशी गात होते ते ऐकायचंय.”

माझी पाचावर धारण बसली. त्या रेकॉर्डिंगमध्ये पेटीचे जुने सूर होते. चार सूर ऐकले असते तरी तिला कळलं असतं. गिटार मनासारखी होईना म्हणून गाणी मी अजून कुणालाच पाठवली नव्हती. जगात ती फक्त माझ्या कॉम्प्युटरवर होती. मी म्हटलं, ऑफिसचं काम चालू आहे, उद्या लावतो. दुपारी ती झोपल्यावर मी चारही गाणी पुसली. सीडीवर काढून कपाटात लपवता आली असती. तेव्हा सुचलं नाही असं म्हणणार होतो, पण सुचलं होतं. पुरावा उरला की आज ना उद्या सापडतो, हे मला धंद्याने शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं की कॉम्प्युटर बिघडला, सगळं गेलं.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “बरंच झालं.”

त्यानंतर तिने शिकवणी बंद केली आणि पेटी त्या यवतमाळच्या मुलीला द्यायचं ठरवलं. मुलीची बंगलोरला बदली झाली होती, शनिवारी ती पेटी न्यायला येणार होती. शुक्रवारी संध्याकाळी आत्या मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो आणि सगळं सांगितलं. कारागीर काय म्हणाला ते, मी त्याला ‘हो’ म्हणालो ते, तिला ‘नाही’ म्हणालो ते, दुसऱ्या तारेचं, गाणी पुसल्याचं. ती मेथी निवडता निवडता ऐकत होती.

“झालं सांगून?” तिने विचारलं.

“आत्या, तुझा कान ठीक आहे. तुझं काहीच चुकत नव्हतं.”

“अरे, ती पोरगी त्याच पेटीवर सुरात गाते. माझ्या देखत गाते. मग पेटी कशी चुकीची?”

“पेटी तिच्यासारखी झाली म्हणून.”

“बरं. मग जुनी पेटी ऐकव. उतरवली होतीस ना?”

“पुसली म्हणून सांगितलं ना आत्ता.”

“तेव्हा म्हणालास, कॉम्प्युटर बिघडला.” ती हसली. हातातली काडी टाकून तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर आळ घेतोयस. पण गोष्ट तरी धड रचायची. तुला खोटं बोलायला कधी जमलंच नाही, लहानपणापासून.”

शनिवारी ती मुलगी पेटी घेऊन गेली. सोमवारी मी कारागिराला साक्षीला आणायला गेलो. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान होतं, आणि म्हातारा मुलाकडे गेला एवढंच शेजाऱ्याला माहीत होतं. पेटी बंगलोरहून मागवता आली असती, दुसऱ्या कुणाकडून पहिल्यासारखी लावून आत्यापुढे ठेवता आली असती. पण त्या मुलीला कारण सांगावं लागलं असतं, तिच्याकडून ते आत्याच्या सगळ्या मुलींना कळलं असतं. मी पत्र लिहिलं नाही.

आत्या त्यानंतर नऊ वर्षं होती. गायली नाही. देवापुढची आरतीसुद्धा नुसती बोलायची. घरी कुणी नातेवाईक आले, गाण्याचा विषय निघाला, की ती सांगायची, कान गेल्याचं मला फार लागलं होतं, तेव्हा या पोराने माझ्यासाठी केवढी गोष्ट रचली, सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला, पोटचा मुलगा करणार नाही. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी खाली मान घालायचो, त्याचंही त्यांना कौतुक वाटायचं. मग मी चहाचे कप उचलून आत न्यायचो.